जो नियम आम्हांस बांधतो, तो आम्हांस वाचू द्या

कायदा ठाऊक नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही, हे आपणांपैकी प्रत्येकास पक्के ठाऊक आहे. पोलिसाने, म्युनिसिपालिटीच्या अधिकाऱ्याने, घरमालकाच्या वकिलाने हे वाक्य आपणांस आजवर कितीदा तरी ऐकविले आहे. परंतु या न्यायास एक दुसरी बाजू आहे व ती सांगण्यास कोणी सहसा पुढे येत नाही. ज्याने कायदा पाळावयाचा, ज्यास तो मोडल्याबद्दल दंड व्हावयाचा, किंबहुना दुसऱ्याने तो मोडल्यामुळे ज्याचा जीव जावयाचा, त्या माणसास तो कायदा वाचावयास मिळाला पाहिजे. इमारतींच्या कायद्यात ही दुसरी बाजू या देशात अजून पुरी झालेली नाही. आम्हांस आज सांगावयाचे ते एवढेच. आणि ते आम्ही माझगावात उभे राहून सांगणार आहोत.

डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ बाबू गेनू मंडईची इमारत होती. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडून १९३० साली ज्याने प्राण दिला, त्या गिरणी कामगाराचे नाव तिला दिलेले होते. इमारत मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची. वरच्या मजल्यांवर राहत होती ती महापालिकेच्याच मंडई खात्यातील कर्मचाऱ्यांची कुटुंबे. तळमजल्यावर गोदाम, तेही भाड्याने दिलेले. शुक्रवार, २७ सप्टेंबर २०१३ रोजी सकाळी लोक पुरते जागेही झाले नव्हते, तोच ही इमारत कोसळली आणि ६१ माणसे मेली. लक्षात घ्या, ही काही इंग्रजांच्या अमदानीतील लाकडी जिन्याची चाळ नव्हती. नुकतीच तिशी ओलांडलेली काँक्रीटची इमारत होती ती. तळमजल्यावरील गोदामात विनापरवाना फेरफार झाले व त्यामुळे इमारत कमकुवत झाली, असा आरोप झाला. गोदामाच्या भाडेकरूवर गुन्हा दाखल झाला. महापालिकेच्या काही अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली. कोणी किती अपराध केला हे ठरविणे कोर्टाचे काम आहे. आमचा प्रश्न त्याहून निराळा आहे.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ यात कलम ३५३-ब आहे. इमारतीस ३० वर्षे झाली की मालकाने अथवा भोगवटादाराने नोंदणीकृत इंजिनियरकडून तिची तपासणी करवून घ्यावी व ती धडधाकट असल्याचा दाखला सादर करावा, असे ते कलम सांगते. आता बाबू गेनू मंडईस हे कलम लावून पाहा. मालक कोण? महापालिका. दाखला मागणार कोण? महापालिका. आणि आत राहणारा कोण? तिचाच नोकर, ज्याची खोली नोकरीस बांधलेली व ज्याचे तोंड पगारास बांधलेले. अशा माणसाने खालच्या मजल्यावर हातोडे वाजताना ऐकले असते, तर कोणत्या नियमावर बोट ठेवून तो साहेबासमोर उभा राहणार होता? “साहेब, मला भीती वाटते” असे म्हणणे निराळे आणि “साहेब, अमुक नियमाचा भंग होत आहे, लेखी उत्तर द्या” असे म्हणणे निराळे. पहिल्यास सांत्वन मिळते. दुसऱ्यास उत्तर द्यावे लागते. नियमाचे पुस्तक हाती असते तर इमारत उभी राहिली असती, असा भोळा दावा आम्ही करीत नाही. परंतु पुस्तक हाती नसणारा माणूस भीतीपलीकडे जाऊ शकत नाही, हे आम्ही ठासून सांगतो.

तुम्ही म्हणाल, नियम तर राजपत्रात छापले जातात. होय, छापले जातात, परंतु अर्धेच. मुंबईत इमारत कशी बांधावी यासाठी पूर्वी १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली होती. २०१८ पासून ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४’ लागू झाली. खांब किती जाड असावा, सळई किती आत असावी, स्लॅबने किती भार सोसावा, हे या नियमावलीत शोधू जाल तर सापडणार नाही. तेथे असे लिहिलेले आढळेल की, बांधकामाची रचना राष्ट्रीय इमारत संहितेनुसार व भारतीय मानकांनुसार असावी. म्हणजे कायद्याने आपले बोट दुसऱ्या एका पुस्तकाकडे दाखविले व तो बाजूस झाला. आगीचेही तसेच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा मालकावर किंवा भोगवटादारावर जबाबदारी टाकतो, वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला मागतो, आणि उपाय कोणते करावयाचे हे सांगताना पुन्हा राष्ट्रीय इमारत संहितेचेच नाव घेतो. ‘भोगवटादार’ हा जड शब्द वाचून पुढे जाऊ नका. भोगवटादार म्हणजे आपण. खोलीत राहणारे, भाडे भरणारे, जिन्यात सायकल ठेवणारे आपण.

मग ते दुसरे पुस्तक कोणाचे? ते भारतीय मानक ब्यूरोचे. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८६ च्या अधिनियमाने तिचे ब्यूरोत रूपांतर झाले. आता २०१६ चा अधिनियम चालू आहे. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ व २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या संस्थेने केलेले काम मोठे आहे यात शंका नाही. देशातील इंजिनियर, प्राध्यापक, कारखानदार, सरकारी खात्यांतील जाणकार समित्यांत बसून ही मानके तयार करतात. आमचे भांडण त्या विद्येशी नाही. आमचे भांडण त्या विद्येवर बसविलेल्या कुलुपाशी आहे.

काही वर्षांपूर्वी माझगावातील एका जुन्या इमारतीच्या रहिवाशांच्या बैठकीस आम्ही बसलो होतो. इमारतीचे नाव सांगण्याचे कारण नाही. गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅबचा पापुद्रा निघून सळया उघड्या पडल्या होत्या. नोटीस आली होती व तिच्यात मानकांचे आकडे होते, अमुक इतका क्रमांक, तमुक इतके साल. बैठकीत एक आजी होत्या, शाळेची पायरी न चढलेल्या. सर्वांचे बोलणे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “हा नंबर ज्या पुस्तकाचा आहे, ते पुस्तक इथं कुणाकडे आहे?” कोणाकडेच नव्हते. दोन तरुण दुसऱ्या दिवशी एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले की ते विकत घ्यावयाचे पुस्तक आहे, येथे पाहावयास मिळत नाही, आणि तुम्हांस त्याचा उपयोगही नाही, इंजिनियरला विचारा. आजींचा प्रश्न आम्ही अजून विसरलेलो नाही. शंभर माणसांच्या डोक्यावरचे छप्पर ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा त्या शंभरांपैकी एकासही वाचता येऊ नये, ही कोठली रीत?

“तुम्हांस त्याचा उपयोग नाही” हे वाक्य मात्र तपासून पाहू. उपयोग आहे की नाही हे एकाच उदाहरणावरून ठरविता येईल.

काँक्रीटच्या बांधकामाचे मुख्य मानक म्हणजे आय.एस. ४५६. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत एक तक्ता आहे. बांधकाम कोणत्या हवेत उभे आहे त्याप्रमाणे सळईवर काँक्रीटचे आवरण किती असावे, हे तो सांगतो. कामावरचे लोक त्यास ‘कव्हर’ म्हणतात. समुद्राच्या खाऱ्या हवेपासून आडोसा असलेल्या किनारपट्टीच्या बांधकामास किमान ३० मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वा इंच. किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या बांधकामास ४५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन इंच. याचे कारण साधे आहे. खारी हवा व पावसाचे पाणी काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपते व सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा मागतो, आतून दाब देतो, आणि काँक्रीट फुटून खाली पडते. पडले की सळई आणखी उघडी, आणखी गंज. माझगाव गोदीच्या बाजूस ज्याचे घर आहे त्यास हा क्रम शिकवावा लागत नाही. तो त्याने छताकडे पाहत पाहत पाठ केलेला आहे. त्यास ठाऊक नसतो तो फक्त आकडा. आणि हा आकडा पडताळून पाहण्यास इंजिनियरची पदवी लागत नाही. पडलेला तुकडा हाती घेऊन शाळेच्या मुलाची फूटपट्टी लावली तरी पुरे. जुन्या इमारती जुन्या आवृत्तीप्रमाणे बांधल्या गेल्या, तेव्हाचे आकडे निराळे होते, हेही खरे. मग तर जुनी आवृत्तीही पाहावयास हवी! आपल्या घराचे कव्हर त्या वेळच्या नियमाप्रमाणे तरी होते की ठेकेदाराने तेवढेही दिले नव्हते, हे रहिवाशाने विचारू नये काय?

दुसरे मानक आय.एस. ८७५. त्याचा दुसरा भाग, १९८७ सालचा, मजल्याने किती भार सोसावा हे सांगतो. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो. मालाचे गोदाम असेल तर त्याच्या तिपटीहून अधिक भार गृहीत धरावा लागतो. दक्षिण मुंबईतील किती राहत्या खोल्यांत कागदाचे रीळ, कापडाचे तागे, यंत्रांचे सुटे भाग रचून ठेवलेले आहेत, हे वाचकांनी आपापल्या जिन्यात उभे राहून मोजावे. राहण्यासाठी बांधलेल्या मजल्यावर गोदामाचा भार पडतो आहे, हे ओळखण्यास गणिताची चौथी इयत्ता पुरते. परंतु त्यासाठी २०० हा आकडा ठाऊक असावा लागतो. तो ठाऊक नसेल तर शेजारी म्हणतो “माझ्या जागेत मी काय ठेवीन ते ठेवीन”, आणि आपण निमूटपणे दार लावून घेतो.

तेव्हा सामान्यांस कळणार नाही ही सबब टिकत नाही. काही भाग खरोखरच अवघड आहे. भूकंपाचे हिशेब आम्हांसही उमगत नाहीत. परंतु अवघड आहे म्हणून बंद ठेवावे, हा युक्तिवाद आपल्या लोकांनी पूर्वी ऐकलेला आहे. तुम्हांस कळणार नाही, तुमचा अधिकार नाही, आम्ही वाचू व तुम्हांस सांगू. या तीन वाक्यांवर एका समाजाने दुसऱ्या समाजास हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेविले. इंजिनियर हा पुरोहित नव्हे, त्यास तसे व्हावयाचेही नाही. त्यास तसे बनविते ते पुस्तकावरचे कुलूप. चांगल्या इंजिनियरास प्रश्न विचारणारा रहिवासी नकोसा वाटत नाही. नकोसा वाटतो तो वाईट ठेकेदारास.

आता या कुलुपाची हकीकत ऐका. कार्ल मालामूड नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आहेत. जगभरच्या सरकारांचे कायदे व कायद्यात नाव घेतलेली मानके ते संगणकाच्या जाळ्यावर सर्वांसाठी फुकट ठेवतात. त्यांनी भारतीय मानकेही हजारोंच्या संख्येने अशीच खुली केली. ब्यूरोस ते रुचले नाही. त्यांना पुढे मानके विकण्यासही ब्यूरोने नकार दिला. तेव्हा २०१५ साली मालामूड यांची संस्था, श्रीनिवास कोडाली व सुशांत सिन्हा यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. जी मानके लोकांच्या जिवाशी निगडित आहेत ती लोकांस मुक्तपणे वाचता व वाटता आली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. त्या काळी एकट्या राष्ट्रीय इमारत संहितेची किंमत तेरा-चौदा हजार रुपयांच्या घरात होती. मंडई खात्यातील सफाई कामगाराने महिन्याचा पगार आणून कायदा विकत घ्यावा, अशी ही व्यवस्था!

पुढे २०२१ साली ब्यूरोने जाहीर केले की, भारतीय मानके आता विनामूल्य उतरवून घेता येतील. हे पाऊल स्वागतार्ह आहे व आम्ही ते मनापासून मान्य करतो. त्याचा उपयोग वाचकांनी जरूर करावा. परंतु येथेच सावध राहावयास हवे. ही प्रत मिळते ती नाव नोंदवून, नोंदणी करणाऱ्याच्या नावाचा शिक्का घेऊन. आणि २०१६ च्या अधिनियमाचे कलम ११ काय म्हणते? ब्यूरोच्या परवानगीवाचून कोणीही भारतीय मानक किंवा त्याचा कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध करू नये, त्याची नक्कल काढू नये. स्वतःच्या वापरासाठी प्रत काढण्याची मुभा आहे, एवढेच. म्हणजे वर सांगितलेला कव्हरचा तक्ता मी माझ्यापुरता पाहावा. पण तो जसाच्या तसा छापून माझ्या चाळीच्या फळ्यावर लावावयाचा तर आधी दिल्लीस अर्ज करावा! एका घरात वाचता येतो पण दुसऱ्या घरास देता येत नाही, असा कायदा आपण कधी ऐकला होता काय? आणि जे जाहीर करून दिले, ते उद्या जाहीर करून काढूनही घेता येईल. कलम ११ तेथेच उभे आहे.

सवलत आणि हक्क यांतील हा भेद आपल्या वाचकांस फोडून सांगावा लागू नये. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२४ साली केला होता. ठराव कागदावर होता. पाणी मात्र बंद होते. बाबासाहेबांना १९२७ साली तेथे जावे लागले, आणि तळ्यावरचा हक्क मुंबईच्या हायकोर्टाने मान्य करीपर्यंत १९३७ साल उजाडले. दिलेली गोष्ट आणि आपली गोष्ट यांत जे अंतर असते, ते काटावयास त्या वेळी तेरा वर्षे लागली.

कायद्याचे म्हणाल तर आमच्या बाजूस आधार नाही असे नव्हे. सुप्रीम कोर्टापुढे १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला आला. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूचा कायदा ठराव करून संमत केला, परंतु तो लोकांत कधी प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली हरला यास पन्नास रुपये दंड झाला. कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. जो कायदा लोकांस कळण्याची काही वाटच ठेवलेली नाही, त्याखाली लोकांस शिक्षा करणे हे नैसर्गिक न्यायास धरून नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पन्नास रुपयांच्या दंडासाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय एवढे कठोर झाले. ६१ जिवांचा प्रश्न असता त्याच तत्त्वाची आठवण करून देण्यात आम्ही अतिरेक करतो आहोत काय? पुढे १९८७ साली बंगलोरमधील उंच इमारतीच्या वादात, बी. के. श्रीनिवासन यांच्या खटल्यात, त्याच कोर्टाने सांगितले की केवळ विधिमंडळाचा कायदा नव्हे, तर त्याखाली केलेले नियमही योग्य रीतीने प्रसिद्ध झाले पाहिजेत. त्या खटल्यात प्रसिद्धी पुरेशी झाली असा निर्णय झाला, हे आम्ही लपवीत नाही. मात्र तत्त्व तत्त्वच राहते. मग नियमाने ज्या मानकाचे नाव घेतले व जे पाळणे सक्तीचे केले, ते त्या नियमाचा भाग नव्हे काय? असेल, तर ते नियमाप्रमाणेच प्रसिद्ध करा. नसेल, तर त्यावरून आम्हांस नोटिसा धाडू नका.

परदेशातही हा वाद झालेला आहे. अमेरिकेत टेक्सास संस्थानातील पीटर वीक नावाच्या नागरिकाने दोन लहान गावांचा इमारत-कायदा संगणकावर सर्वांसाठी ठेविला. तो मूळ मसुदा एका खाजगी संस्थेचा होता व तिने मालकी सांगितली. २००२ साली तेथील अपील कोर्टाने ठरविले की, मसुदा कायदा म्हणून स्वीकारला गेला की त्या कायद्यावर कोणाची खाजगी मालकी चालत नाही. युरोपात ५ मार्च २०२४ रोजी तेथील न्यायालयाने मुलांच्या खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या मानकांबाबत निकाल दिला: ही मानके युरोपच्या कायद्याचाच भाग आहेत व ती पाहावयास मिळण्यात लोकहित आहे. तेथे खेळण्यांसाठी हे घडले. येथे प्रश्न डोक्यावरच्या स्लॅबचा आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे. मानके फुकट वाटली तर ती तयार करण्याचा खर्च कोण करील? आमचे उत्तर असे की, विधानसभा कायदे करते त्याचा खर्च कोण करतो? तो आपण सर्व जण करतो, काडेपेटी विकत घेतो तेव्हाही करतो. ब्यूरोचे उत्पन्न केवळ पुस्तकविक्रीवर नाही. कारखानदारांच्या मालावर छाप मारण्याचे शुल्क तिला मिळते. आणि ज्या संस्थेने २०२१ साली स्वतःच मानके विनामूल्य देऊ केली, तिच्या वतीने खर्चाची ही अडचण पुढे करण्यास आता जागा उरली आहे असे आम्हांस वाटत नाही.

भाषेची गोष्ट तर निराळीच. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. राज्याचा कारभार मराठीत चालावा असे ठरून साठ वर्षे झाली. तरीही माझगावच्या रहिवाशास ज्या तक्त्याने बांधले आहे तो इंग्रजीत. भगवान बुद्धांनी आपला उपदेश लोकांच्या बोलीत शिकविण्यास सांगितले व शिष्यांपासून काही मुठीत झाकून ठेविले नाही, हे पाली ग्रंथ सांगतात. अडीच हजार वर्षांनंतर एका सरकारी कचेरीकडून आम्ही याहून अधिक काही मागत नाही.

माझगावात ताडवाडीच्या चाळी आहेत. प्लेगानंतर १८९८ साली जो सुधार ट्रस्ट निघाला, त्याने त्या बांधल्या. परळच्या पोयबावडीस याच ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी आपली अनेक वर्षे काढली. ट्रस्ट १९३३ साली म्युनिसिपालिटीत विलीन झाला, आणि चाळींची मालकी तिच्याकडे आली. म्हणजे येथेही मालक तोच, तपासणारा तोच. अशा प्रत्येक चाळीतील, प्रत्येक महापालिका वसाहतीतील वाचकांस आमची विनंती आहे की तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल मागा, आणि त्या अहवालात ज्या ज्या मानकाचे नाव आले असेल त्याचा तो भागही मागा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ९ वाचून ठेवा. प्रत दिल्याने राज्याखेरीज अन्य कोणाच्या स्वामित्व हक्काचा भंग होत असेल, तरच त्या कारणावरून माहिती नाकारता येते, असे ते म्हणते. संसदेच्या अधिनियमाने उभी राहिलेली संस्था ‘अन्य कोणी’ कशी होते, याचे उत्तर लेखी मागा. त्याच अधिनियमाप्रमाणे सरकारी कामाची पाहणी करता येते, कागदांच्या टिपा घेता येतात, आणि बांधकामात वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. स्लॅबवरून पडलेला तुकडा फेकून देऊ नका; तारीख लिहून, छायाचित्र काढून ठेवा.

चाळीत बारावी झालेली मुले-मुली आहेत. त्यांनी नाव नोंदवून आय.एस. ४५६ व आय.एस. ८७५ उतरवून घ्यावीत, आणि रविवारच्या बैठकीत त्यांतील गोष्टी आपल्या शब्दांत, मराठीत, मोठ्याने समजावून सांगाव्यात. समजावून सांगण्यास कलम ११ ची आडकाठी नाही. आमदार व नगरसेवक मते मागावयास येतील तेव्हा त्यांना एवढेच विचारावे की, ज्या नियमाने नोटीस काढता तो मराठीत छापून प्रत्येक विभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यास तुम्ही कधी सभागृहात उठून उभे राहिलात काय?

माहितीचा अर्ज साध्या कागदावर मराठीत करता येतो. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही द्यावे लागत नाही. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे.